पुंजाजी मापाऱ्याची पायली

“थांबव माप! माप थांबव म्हंतो मी!”

केनवडचा बन्सीशेठ पोत्यांच्या थप्पीवर चढून ओरडत होता. वाशीमच्या धान्यबाजारात त्या दिवशी शंभरेक गाड्या सुटल्या असतील. एरवी मी पाचशे सांगतो, पण आज लिहायला बसलोय म्हणून शंभर. त्या सगळ्या गाड्यांचे बैल माना वर करून शेठकडे बघायला लागले. माणसांपैकी मात्र एकानंही मान वर केली नाही.

थप्पीच्या पायथ्याशी, ज्वारीच्या राशीला टेकून पुंजाजी मापारी मांडी घालून बसला होता. पायली राशीत खुपसायची, शिगोशिग भरायची, पोत्यात रिकामी करायची, आणि पुढची भरेपर्यंत त्याच आकड्याचं पालुपद चालू ठेवायचं. म्हणजे आकडा हरवत नाही, आणि घेणारा-देणारा दोघांच्याही कानावर पडतो. सगळे मापारी असंच मोजतात. पुंजाजीचं मोजणं मात्र असं चाललं होतं :

“सात रे सात... सात रे सात... अफू मागून राह्यली... सात रे सात... नाही देत... आठ रे आठ...”

“ऐका,” बन्सीशेठ बाजाराला म्हणाला, “ऐका याचं. भर बाजारात अफू मागून राह्यला, अन् तुमी याच्या हाती माप देता? काहून? बाकीचे मापारी मेले काय?”

एक म्हातारा हमाल पोतं शिवत होता. त्यानं सुतळी दातानं तोडली आणि म्हणाला, “शेठ, उतरा खाली. थप्पी ढासळीन. तो रोजच मागते.”

“अन् देते कोन त्याले?”

“कोनीच नाही. तोच देत नाही.”

शेठला हे पटण्यासारखं नव्हतंच. त्यानं भरलेली पोती पुन्हा ओतायला लावली आणि दुसरे दोन मापारी बसवून सगळी ज्वारी फिरून मोजून घेतली. एका मुठीचाही फरक निघाला नाही. मी हे सांगताना एका दाण्याचा म्हणतो. तेवढ्या वेळात पुंजाजीनं डोक्याचं मुंडासं सोडलं, झटकलं, पुन्हा बांधलं, आणि शेठ खाली उतरल्यावर अगदी शांतपणे म्हणाला, “तुमच्या पायी मले अर्धा घंटा बसाले भेटलं, शेठ. रोज येत जा.”

मी त्या बाजाराच्या नाक्यावर नाकेदार होतो. गाडी आली की पोती बघायची, पावती फाडायची, साखळी सोडायची. दिवसाकाठी शंभर माणसं माझ्याशी खोटं बोलत. ‘चारच पोती हायेत साहेब’, ‘बियाणं हाये साहेब’, ‘घरच्यापुरतं हाये साहेब’. असल्या सहवासात वीस वर्षं काढलेला माणूस खरं बोलायला लागला तर त्याचा घसाच बसेल. त्यामुळं माझं बोलणं लोक निम्मं धरत. मीही ते ओळखून दुप्पट सांगत असे, म्हणजे हिशेब बरोबर. पण पुंजाजीच्या बाबतीत माझी पंचाईत अशी की तो मुळातच एवढा होता की वाढवायला जागा राहिली नाही.

दिसायला काही नव्हता. उंची पाच फुटांच्या आत, कान मोठे, आणि उजव्या हाताचं मधलं बोट पायलीच्या काठानं घासून घासून चपटं झालेलं. आवाज मात्र देवानं दुसऱ्या कुणासाठी घडवला असावा आणि चुकून याच्यात ओतला असावा. पुंजाजी बाजारात ‘दहा रे दहा’ म्हणाला की पुढच्या स्टेशनावर गार्ड हिरवी झेंडी दाखवायचा. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण इतक्या वेळा सांगितलंय, की आता झेंडीच्या काठीला किती गाठी होत्या तेही आठवतं.

पहिल्या पायलीला मापारी ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो. लाभ, दोन, तीन. वीस झाल्या की मूठभर ज्वारी बाजूला, ती एका विशीची खूण. मग पुन्हा लाभ. माप चाललं असताना मापाऱ्यानं दुसरं बोलू नये, कुणी त्याच्याशी बोलू नये. हा रिवाज पुंजाजी कडक पाळत असे. बाजारात आग लागली तरी तो आधी आकडा म्हणणार, मग पळणार. त्या रिवाजात त्यानं एकच पोट-कलम घुसवलेलं होतं. तलप आली की ती आकड्यांच्या मध्ये बोलायची. मोठ्यानं. माप बोलतात त्याच सुरात.

असं काहून, हे मी त्याला एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, “नाकेदार, बोललं नाही तं माप नाही. मापाऱ्यानं मनातल्या मनात मोजलं का तो चोर. पायलीत आलं ते आलं म्हना. पोत्यात टाकाचं का नाही, ते आपल्या हाती.”

मी म्हटलं, “अरे पण ज्वारी वेगळी, तलप वेगळी.”

“भरते दोन्ही सारखीच,” पुंजाजी म्हणाला. “शिगोशिग.”

अफू त्याला कुणा टवाळानं लावली नव्हती. आईनंच दिली होती. आमच्याकडे बाया निंदायला वावरात जात, पोर मेरेवरच्या बाभळीला झोळीत टांगलेलं. ते रडू नये म्हणून मोहरीएवढी अफू बोटाला लावून चाटवायची. गावात निम्मी पोरं अशीच मोठी झाली. पुढं आई चाटवायची थांबली, पुंजाजी चाटायचा थांबला नाही. तिशीला आला तेव्हा दिवसातून दोनदा बोराच्या आठोळीएवढी गोळी लागायची. सरकारमान्य दुकान बाजाराच्या वळणावरच होतं. गोळी घेऊन तो राशीशी बसे आणि डोळे मिटून मोजी. माप चोख होतं म्हणून कुणी काही म्हणत नसे.

मग ते सतरा आलं.

अनसिंगची एक विधवा म्हातारी वर्षाची ज्वारी घेऊन आली होती. एकच गाडी. दुपारची वेळ, पुंजाजीनं नुकतीच गोळी घेतलेली. सुरुवात झाली ठीक. लाभ झाला, दहा झाले, सोळा झाले. मग ‘सतरा रे सतरा’. हात पायली भरत होता, ओतत होता, भरत होता. तोंड ‘सतरा रे सतरा’ म्हणत होतं. घेणाऱ्याच्या माणसांना थांबवायचं काय कारण. त्यांनी पोतं भरलं की शिवलं, शिवलं की उचललं, उचललं की गोदामात नेऊन दुसऱ्या ढिगात ओतलं. मी सांगताना ‘दिवस मावळेपर्यंत सतराच’ असं सांगतो. तेवढं नसेल. पण रास संपली.

म्हातारी शेजारीच बसली होती. मापाऱ्याशी बोलू नये हा रिवाज तीही पाळत होती. राशीच्या जागी माती दिसायला लागली तेव्हा ती म्हणाली, “दादा, सतराच झाले काय?”

पुंजाजीनं डोळे उघडले. त्या सतराच्या पोटात किती पायल्या गेल्या ते त्याला सांगता येईना, तिला सांगता येईना, आणि ज्यांना सांगता आलं असतं ते बोलेनात. म्हातारी रडली नाही, भांडली नाही. पदरात चार दाणे पडले होते ते तिनं झटकले आणि रिकाम्या गाडीत जाऊन बसली.

पुंजाजीच्या अंगणात एक पेव होतं, जमिनीतलं, गळ्याएवढं खोल. वर्षभराची ज्वारी त्यात. दुसऱ्या दिवशी त्यानं ते तळापर्यंत उपसलं आणि गाडी भरून अनसिंगला नेली. म्हातारी म्हणाली, “एवढी नव्हती, दादा, माही.”

“असंल,” पुंजाजी म्हणाला. “मले मालूम नाही. तुले बी मालूम नाही.”

त्या वर्षी त्याच्या घरी दुसऱ्याच्या वावरात वेचलेल्या कणसांवर निभलं. त्याची बायको सगुणाबाई. पेवाच्या तोंडावर झाकण म्हणून जी फरशी होती ती त्यांनी उचलून चुलीपाशी नेली आणि तिच्यावर मिरच्या वाटायला लागल्या. पुंजाजीनं अफू सोडली ती पेव उपसलं त्या दिवसापासून.

सोडली, असं एका शब्दात म्हणतात. पहिले चार दिवस तो घरात गोधडीखाली होता, आणि असा हलत होता की शेजारच्या तीन घरांच्या छपरांवरची कवेलू सरकली. हे खरं आहे. निदान एका घराची तरी. पाचव्या दिवशी तो उठून बाजारात आला. हात थरथरताहेत, घामानं बंडी अंगाला चिकटलेली, डोळे वर. बसला राशीशी आणि सुरू झाला : “तीन रे तीन... मागून राह्यली... तीन रे तीन... लई मागून राह्यली रे बाप्पा... तीन रे तीन...”

त्या दिवशी खेड्यावरच्या काही बाया बाजाराला आल्या होत्या. त्यांनी काय पाहिलं? एक माणूस थरथरतोय, घुमतोय, ओरडतोय की मागून राह्यली. आमच्या मुलखात याचा दुसरा अर्थ कोण करणार. त्यांनी पाट्या खाली ठेवल्या, एकीनं चंचीतलं कुंकू काढलं, पुंजाजीच्या कपाळाला मळवट भरला, आणि सगळ्यात म्हाताऱ्या बाईनं पदर पसरून विचारलं, “आई, काय पाह्यजे तुले?”

“अफू,” पुंजाजी म्हणाला. “तीन रे तीन.”

बायांनी आपापसांत विचार केला. देवी नारळ मागते, कोंबडं मागते, कुठं कुठं रेडा मागते. अफू मागणारी देवी त्यांनी ऐकली नव्हती. पण मागितलं ते द्यायला पाहिजे, नाही तर गावावर कोप. म्हातारीनं दुकानातून अफू आणवली. पळसाच्या पानावर ठेवली, वर फूल ठेवलं, आणि पान पुंजाजीच्या मांडीपाशी सरकवलं.

आख्खा बाजार थांबला. म्हणजे मी तरी थांबलो. माझी साखळी हातातच राहिली आणि दोन गाड्या पावतीविना आत गेल्या. पुंजाजीचं नाक त्या पानापासून हातभर दूर असेल. त्याचा वास मला नाक्यावर आला असं मी सांगतो.

“चार रे चार,” पुंजाजी म्हणाला. आवाज फाटला होता. “चार रे चार... समोर ठेवली... चार रे चार... दिसून राह्यली... पाच रे पाच...”

वीस झाले, तेव्हा त्यानं मूठ बाजूला टाकली आणि मग बायांकडे बघितलं. “माय,” तो म्हणाला, “मी मागत नाही. हे आंगातली मागते. ती मागीनच. तिचं तोंड आपन कसं धरावं. पन हात माहे हायेत. घेऊन जा हे.”

म्हातारीनं पान उचललं, त्याच्या पाया पडली, आणि जाताना बाकीच्यांना म्हणाली, “लई कडक देवी हाये. मागते बी अन् घेत बी नाही.” पुढं दोन-तीन वर्षं त्या गावाहून पुंजाजीला दर पोळ्याला नारळ येत असे. तो खोबरं खाई.

लोकांना वाटलं होतं, वर्ष-दोन वर्षांत तलप मरेल आणि बाजारातला हा तमाशा बंद होईल. तसं काही झालं नाही. पहिल्या वर्षी ती दर विशीत दोनदा येई. पाचव्या वर्षी दिवसातून चारदा. पुढं कधी आठवडा आठवडा येत नसे आणि मग एका दुपारी अशी येई, की पुंजाजीच्या आवाजावरून हमाल ओळखत आणि पोती जरा हळू आपटत. कुणी तिची चेष्टा करत नसे. फार तर कुणी म्हणे, “काय पुंजाजी, पाहुनी लई दिवसानं आली.” तो म्हणे, “पाहुनी कायची. घरातलीच हाये. मधात बोलत नव्हती.”

दुकानाच्या वळणावरून जायचं त्यानं सोडलं नाही. मागच्या गल्लीतून घर जवळ पडत होतं तरी तो वळणावरूनच जाई. दुकानाचा ठेकेदार ओट्यावर बसलेला असे. दोघांचा राम राम होई. पुंजाजी म्हणे, “आज माल चांगला दिसते. वास लई लांबून आला.” ठेकेदार म्हणे, “देऊ काय?” पुंजाजी म्हणे, “नको.” एवढंच बोलणं, पंधरा-सोळा वर्षं. ठेकेदार मेला तेव्हा पुंजाजी खांदा द्यायला गेला होता.

एकदा अकोल्याहून एक खादीवाले गृहस्थ नशाबंदीचा प्रचार करायला आले. चांगला माणूस. गळा गोड, धोतर परीटघडीचं. त्यांनी पुंजाजीची कीर्ती ऐकली आणि त्याला सभेत खुर्चीवर बसवलं. जन्मात पहिल्यांदाच खुर्चीवर बसलेला पुंजाजी पाय वर घेऊन मांडी घालून बसला. गृहस्थ म्हणाले, “बंधूंनो, या वीराकडे पाहा. निश्चयाच्या बळावर यानं तलप जाळून टाकली. तिची राख केली. आज याला अफूची आठवणसुद्धा होत नाही.”

पुंजाजी खुर्चीवर चुळबुळला. मग उठून उभा राहिला, खुर्चीवरच.

“खोटं हाये,” तो म्हणाला. “आत्ताच मागून राह्यली.”

सभा हसायला लागली. गृहस्थ लाल झाले. म्हणाले, “पण आपण तिला जिंकलंत ना?”

“नाही जी. ती जशीच्या तशी हाये. मी खात नाही, एवढंच.”

सभा तिथंच मोडली. गृहस्थ मला नाक्यावर भेटले तेव्हा फार खट्टू होते. म्हणाले, असल्या माणसानं कार्याचं नुकसान होतं. मी म्हटलं, “होय जी, फार.” दुसऱ्या दिवशी बघतो तर पुंजाजीच्या राशीपाशी दोन माणसं बसलेली. एक चांभार, एक तांगेवाला, दोघेही गोळीवाले. पुंजाजीचं मोजणं ऐकत बसले होते. चांभार चार महिन्यांनी पुन्हा दुकानावर दिसला. तांगेवाला दिसला नाही. त्याचा घोडा मात्र पुढं ‘नाही देत’ म्हटलं की थांबायचा.

माझंही थोडं सांगतो, कारण ते यात येतं. त्याच सुमाराला माझी बायको बाळंतपणात गेली. मूलही गेलं. मी तेराव्या दिवसानंतर नाक्यावर आलो आणि पावत्या फाडायला लागलो. लोक हळहळत, मी गोष्टी सांगे. आधीपेक्षा जास्त सांगे. आत काय होतं म्हणाल तर काही नव्हतं. दात काढल्यावर जीभ जाऊन बघते तसा मी जाऊन बघत असे, आणि काही नसे. ऊन लागत नव्हतं, भूक लागत नव्हती. जिलेबी खाल्ली तर ती गरम आहे एवढंच कळे.

पुंजाजी एका दुपारी नाक्यावर आला, साखळीवर बसला, आणि म्हणाला, “नाकेदार, काय मागून राह्यलं?”

“काही नाही,” मी म्हटलं.

“मंग ते बी बोला.”

“काय बोलू?”

“काहीच नाही, असं बोला. रिकामी पायली बी मोजा लागते. नाही तं मधातच आकडा हरपते.”

मी हसून काहीतरी गोष्ट सांगितली. तो ऐकून निघून गेला. पण पुढं कधी कधी पावती फाडताना मी तोंडातल्या तोंडात ‘काही नाही’ म्हणत असे. मापारी नव्हतो म्हणून मोठ्यानं म्हणवत नव्हतं.

अफू सोडून अठरावं वर्ष चाललं होतं तेव्हा पुंजाजीला हगवण लागली. भादव्यातली. पहिले दोन दिवस तो तसाच बाजारात आला, तिसऱ्या दिवशी आला नाही. मी संध्याकाळी घरी गेलो तर तो भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि पाच फुटांचा माणूस तीन फुटांचा झाला होता. यात मी काहीही वाढवलेलं नाही. ताक झालं, बेलफळ झालं, डाळिंबाची साल झाली. काही ठरेना.

मोहल्ल्यातले हकीमसाहेब आले. नाडी धरली, बराच वेळ धरून बसले. मग सगुणाबाईंना बाजूला बोलावून म्हणाले, “बेटी, अब एकही चीज इसको रोकेगी. पाच गोळ्या देतो. चार दिवस, रोज एक. पाचवी जादा है, लागली तर.” त्यांनी कागदाची पुडी बाईंच्या हातात ठेवली. “अफीम है इसमें. ये दवा है, नशा नहीं. पण त्याला सांगशील तर घेणार नाही, मालूम है मला. गुळात घालून दे.”

सगुणाबाईंनी पुडी पदराला बांधली. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. म्हणाल्या, “तुमी काय म्हंता, नाकेदार?”

मी म्हटलं, “हकीम म्हणतात तर द्या.” मला त्या वेळी कशाचंच काही वाटत नव्हतं. तो मेला असता तरी मी सकाळी साखळी सोडली असती.

त्यांनी पहिली गोळी गुळात घातली आणि भरवली. पुंजाजीनं गूळ जिभेवर घेतला आणि त्याचे डोळे उघडले. अठरा वर्षांनी जीभ विसरलेली नव्हती. त्यानं ते थुंकलं नाही. गिळलं. बायकोकडे बघितलं आणि म्हणाला, “बोलली काहून नाहीस?”

सगुणाबाई म्हणाल्या, “बोलली असती तं घेतली असती काय?”

“घेतली असती,” पुंजाजी म्हणाला. “बोलून घेतली असती.”

मग त्यानं कोपऱ्यातली घरची पायली मागवली, ती पालथी घालून घेतली, आणि उरलेल्या चार गोळ्या तिच्या बुडावर ओळीनं ठेवायला लावल्या. घशात आवाज नव्हता, पण जेवढा होता तेवढ्यानं तो म्हणाला, “लाभ. गुळातून गेली ते लाभ.” दुसऱ्या दिवशी : “दोन रे दोन. दवा हाये. हकीमानं देल्ली.” तिसऱ्या दिवशी तीन, चौथ्या दिवशी चार. हगवण थांबली. पोटात पेज ठरायला लागली. पायलीवर एक गोळी राहिली.

पाचव्या दिवशी मी गेलो तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता, पायली समोर, त्या एका काळ्या गोळीकडे बघत. घाम फुटला होता. मला बघून म्हणाला, “सारी परत आली, नाकेदार. पयल्या दिवसापासून. जवान होऊन आली.”

मी म्हटलं, “फेकून दे की ती गोळी. सगुणाबाई, टाका ती उकिरड्यावर.”

“नको,” पुंजाजी म्हणाला. “फेकली का कुठी पडली ते ध्यानात राहीन. मंग मी निजीन अथी अन् जीव उकिरड्यावर. समोर असली तं समोरच राह्यते.”

“आणि खाल्लीस तर?”

“तं मोठ्यानं बोलीन. पाच म्हनून. तुमाले नाक्यावर आयकू येईन.”

मी तासभर बसलो. तो मधूनमधून म्हणत होता, “मागून राह्यली,” आणि थोड्या वेळानं, “नाही देत.” सगुणाबाई चुलीपाशी मिरच्या वाटत होत्या, त्या पेवाच्या फरशीवर. मी उठलो तेव्हा उन्हाचा एक पट्टा दारातून आत येऊन पायलीच्या काठापर्यंत पोचला होता आणि पुंजाजी तो पट्टा गोळीपर्यंत कधी पोचतो ते बघत होता. तेच माझं त्याचं शेवटचं बघणं.

कारण पुढच्या आठवड्यात माझी बदली झाली, दुसऱ्या गावच्या नाक्यावर. गाडीनं निघालो. पुढच्या स्टेशनात गार्डनं हिरवी झेंडी दाखवली तेव्हा मी कान दिला. ‘पाच’ काही ऐकू आलं नाही. पण मला त्या दिवसांत काहीच नीट ऐकू येत नव्हतं, आणि गाडीचा आवाजही होता.

फाल्गुनात पुंजाजी गेल्याचं कळलं ते बन्सीशेठकडून. त्याच्या गाड्या माझ्या नव्या नाक्यावरून जात. तो पावती घेता घेता म्हणाला, “तुमचा तो मापारी गेला बरं. शेवटी खाल्लीच म्हंतात. अठरा वर्सं बोंबलला अन् शेवटी खाल्लीच.”

मी साखळी सोडली. त्याच्या गाड्या गेल्या. मागून आणखी गाड्या आल्या, त्यांच्याही पावत्या फाडल्या. चार दिवसांनी रजा काढून वाशीमला गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. दुःख झालं असं म्हणालो तर तेवढं खोटं मी नाक्यावरही बोललो नव्हतो.

सगुणाबाई अंगणात ज्वारी निवडत होत्या. मला बघून त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि बसायला पोतं टाकलं. पुंजाजी रास मोजता मोजता, बसल्या बसल्या गेला होता. कसं झालं ते त्यांनी सांगितलं, मी ऐकलं. चिमण्या ज्वारीवर उतरत होत्या. सगुणाबाई त्यांना हाकलत नव्हत्या.

शेवटी मी विचारलं, “बाई, ती पाचवी गोळी?”

“पायलीवरच व्हती,” सगुणाबाई म्हणाल्या. “मुंग्या बी लागल्या नाही तिले.”